होम स्क्रीन उघडताच दोन-तीन सेकंदांत बंद पडते (अँड्रॉइड १३): फॉरमॅट न मारता उपाय हवा

मीठागर (वेंगुर्ले)

दादाच्या फोनची होम स्क्रीन सतत बंद पडतेय. जमेल तेवढी नेमकी माहिती देते.

फोन अँड्रॉइड १३, रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी आणि त्यातले साधारण २ जीबी रिकामे. शिवाय १२८ जीबीचं मेमरी कार्ड. वॉरंटी संपलीय. लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) कंपनीचाच आहे, बाहेरचा टाकलेला नाही. खाली बटणं नाहीत, सगळं स्वाइपवर.

लॉक उघडलं की आयकॉन नीट दिसतात. दोन-तीन सेकंदांनी ते जातात, नुसता वॉलपेपर उरतो आणि होम बंद पडल्याचा चौकोन येतो. तो चौकोन घालवला की आयकॉन परत येतात आणि पुन्हा तोच प्रकार. व्हॉट्सॲपमध्ये किंवा पैसे घेण्याच्या ॲपमध्ये आहे तोवर फोन ठणठणीत. बाहेर आलं की सुरू. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी मात्र जागेवरच असते आणि नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढता येतो.

होम स्क्रीनच्या पहिल्या पानावर हवामानाचं विजेट (ॲपची माहिती होम स्क्रीनवरच दाखवणारी चौकट), भरती-ओहोटीचं विजेट (हे ॲप ग्रुपवर आलेल्या फाइलमधून टाकलंय, प्ले स्टोअरवरचं नाही) आणि फोटो फ्रेमचं एक विजेट, त्यात घरच्या गणपतीच्या माटवीचा (मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीचा) फोटो.

रिस्टार्ट करून झाला, लाँचरचा कॅशे साफ करून झाला. काही फरक नाही. दुकानात एकच उत्तर मिळालं, फॉरमॅट मारा. पण व्यापाऱ्यांचे हिशेब व्हॉट्सॲपवर, मासळीचे पैसे यूपीआयवर, त्यामुळे ते शेवटचंच ठेवायचंय. फोन रोज होडीवर जातो, खारी हवा लागते. आतलं काही गंजलं असेल का, की हा सॉफ्टवेअरचाच बिघाड आहे?

हर्णै_बंदर

ताई, फॉरमॅट आत्ता अजिबात नको. तुमच्या लक्षणांतूनच बरंच कळतंय.

होम स्क्रीन ही फोनच्या गाभ्यातली गोष्ट वाटते, पण ती लाँचर नावाचं एक ॲपच असते. सॅमसंगवर त्याचं नाव ‘वन यूआय होम’, पिक्सेलवर ‘पिक्सेल लाँचर’, शाओमीवर ‘सिस्टम लाँचर’, पोकोवर ‘पोको लाँचर’. वरची पट्टी, नोटिफिकेशनचा पडदा, लॉक स्क्रीन हे सगळं ‘सिस्टम यूआय’ नावाचं वेगळंच ॲप सांभाळतं. तुमची पट्टी हलत नाही, म्हणजे सिस्टम यूआय शाबूत आहे आणि पडतोय तो फक्त लाँचर. पट्टीसकट स्क्रीन काळी होत असती तर शोध दुसरीकडे घ्यावा लागला असता.

चौकोनात नेमकं काय लिहिलंय तेही नीट वाचा. ‘बंद पडलं’ असेल तर ॲप चूक होऊन कोसळलंय. ‘प्रतिसाद देत नाही’ असेल तर ते अडकलंय. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड हा दुसरा संदेश दाखवतं, आणि लाँचरच्या बाबतीत त्यामागे बहुधा भरलेलं किंवा मंदावलेलं स्टोरेज असतं. तिसऱ्या प्रकारात कसलाच संदेश येत नाही, मोठ्या ॲपमधून बाहेर आल्यावर आयकॉन एकेक करून पुन्हा भरतात. तिथे रॅम कमी पडली म्हणून अँड्रॉइडनेच लाँचर बाजूला केलेला असतो. ४ जीबीच्या फोनवर हे होतच राहतं, त्याला बिघाड म्हणत नाहीत. तुमचा प्रकार पहिला दिसतो.

आता करायचं काय. सगळ्यात आधी स्वाइप बंद करून तीन बटणं आणा. अँड्रॉइड १० पासून खालून वर स्वाइप करणं आणि अलीकडच्या ॲप्सची यादी या दोन्ही गोष्टी बहुतेक फोनवर लाँचरच चालवतो. तो पडला की स्वाइपही बंद, आणि माणसाला वाटतं अख्खा फोन गेला. पडदा खाली ओढा, चक्राचं चिन्ह दाबून सेटिंग्जमध्ये जा आणि वरच्या शोधपट्टीत ‘नॅव्हिगेशन’ शोधा. प्रत्येक कंपनीने ही सेटिंग वेगळ्या जागी ठेवलीय, शोधून काढणंच सोपं. तिथे तीन बटणांचा पर्याय निवडा. एकदा सेटिंग्ज उघडली की मागे लाँचर पडत राहिला तरी पुढचं काम अडत नाही.

मग सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धरा, पॉवर ऑफचा पर्याय दिसला की त्यावर बोट दाबून ठेवा, सेफ मोडबद्दल विचारेल, हो म्हणा. काही फोनवर असं होत नाही. तिथे फोन बंद करून चालू करताना, कंपनीचं चिन्ह दिसल्यापासून आवाज कमी करायचं बटण धरून ठेवतात. कोपऱ्यात ‘सेफ मोड’ लिहिलेलं दिसेल. या अवस्थेत तुम्ही टाकलेली सगळी ॲप्स आणि त्यांची विजेट्स बंद असतात, फक्त कंपनीचं सामान चालतं. अर्धा तास तसाच वापरा.

सेफ मोडमध्ये होम स्क्रीन पडली नाही तर दोष बाहेरच्या ॲपचा किंवा त्याच्या विजेटचा. तिथेही पडली तर दोष लाँचरचा स्वतःचा. दुसरी गोष्ट निघाली तर सेटिंग्ज, ॲप्स, लाँचर, वर कोपऱ्यात तीन ठिपके, ‘अपडेट्स अनइन्स्टॉल करा’. त्यानेही थांबलं नाही तरच स्टोरेजमध्ये जाऊन डेटा साफ करायचा. लाँचरचा डेटा म्हणजे आयकॉनची मांडणी, फोल्डर आणि विजेट्स, एवढंच. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप यांना धक्का लागत नाही. तरी आधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नाहीतर दादांना कुठलं ॲप कुठे होतं ते आठवत बसावं लागेल.

एक गोष्ट ध्यानात असू दे, सेफ मोडमध्ये जाऊन आल्यावर कधीकधी काही विजेट्स स्क्रीनवरून निघून जातात.

तोवर काम अडू नये म्हणून प्ले स्टोअरवरचा दुसरा लाँचर टाकता येईल. सेटिंग्ज, ॲप्स, गुगल प्ले स्टोअर, तिथेच ‘उघडा’ असतं. टाकून झाल्यावर डीफॉल्ट ॲप्समध्ये ‘होम ॲप’ म्हणून तो निवडायचा. कंपनीचा लाँचर मात्र कुठल्याही मार्गाने डिसेबल करू नका, अलीकडच्या ॲप्सची यादी त्याच्याकडूनच येते.

सोल्डरगन (रत्नागिरी)

आधी बघूया काय झाला ता, मगे फॉरमॅट.

गंजाचं विचारलंत म्हणून हार्डवेअरच्या बाजूने लिहितो. खारी हवा लागलेल्या फोनचे बिघाड ठरावीक असतात, आणि त्यांत ‘होम बंद पडलं’ असा स्वच्छ संदेश सहसा नसतो. बोर्डावर गंज चढला तर फोन स्वतःहून रिस्टार्ट होतो, चार्जिंग अडखळतं, नेटवर्क जातं, एका बाजूचा स्पीकर बसतो. बटणाच्या पट्टीत क्षार गेले तर आवाज आपोआप कमी होतो किंवा पॉवरचा मेनू न दाबता येतो. स्क्रीनच्या कडेने ओल गेली तर नसलेल्या बोटांचे स्पर्श लागतात, ॲप्स आपोआप उघडतात-मिटतात आणि बघणाऱ्याला होम स्क्रीन वेडी झाल्यासारखी वाटते. हे तपासायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (हा लपवलेला मेनू, ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टिचकी मारली की उघडतो) ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. बोट लागेल तिथे रेषा उमटते. फोन टेबलावर ठेवून हात लावू नका. तरी रेषा उमटल्या तर दोष स्क्रीनचा. नाही उमटल्या तर स्क्रीनला मोकळं सोडा.

सिमचा ट्रे बाहेर काढून आत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. टिकली पांढरी असणं ही खात्री नव्हे, नुसत्या दमट हवेने ती रंग बदलतेच असं नाही. पण लाल असेल तर फोन उघडून बघायलाच हवा.

माझा खरा संशय मेमरी कार्डावर आहे. ट्रेमधले सोनेरी संपर्क खाऱ्या हवेत काळवंडतात आणि कार्ड मधूनच तुटतं, मधूनच जोडलं जातं. कार्डावर ॲप हलवलेलं असेल तर कार्ड तुटताच त्या ॲपचे आयकॉन आणि विजेट नाहीसे होतात, लाँचर ते पुन्हा मांडायला जातो. विजेट असलेलं ॲप कार्डावर ठेवू नये असं अँड्रॉइड बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. सेटिंग्ज, स्टोरेज, कार्ड इजेक्ट करा, फोन बंद करा, मग ट्रे काढा. कार्डाचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने अलगद घासा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं कापडावर घेऊन पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आधी एक दिवस कार्डाशिवायच चालवून बघा.

थांबा, कार्ड काढण्याआधी एक गोष्ट बघा. ते ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर त्याची कुलूपकिल्ली फोनमध्येच असते. असं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही, आणि फोन रिसेट केला की त्यातला डेटा कायमचा गेला. ‘पोर्टेबल’ असेल तर काही चिंता नाही.

आणि हे सगळ्यांसाठीच. फोन समुद्रात पडला तर तांदळात घालू नका. तांदूळ आतलं मीठ ओढत नाही, उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात जाते. फोन बंद करा, चार्जरला लावू नका, त्याच दिवशी दुकानात द्या. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं आणि बॅटरी जोडलेली आहे तोवर तांबं खात राहतं. आयपी ६८ (पाण्यात टिकण्याचं प्रमाण) लिहिलेल्या फोनचंही तेच, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते.

मीठागर (वेंगुर्ले)

दोघांचे आभार. सगळं करून बघितलं.

तीन बटणं आणली, त्याने फोन निदान चालवता येतोय. पॉइंटर लोकेशनवर एकही रेषा आपोआप आली नाही, टिकली पांढरी आहे. कार्ड पोर्टेबल होतं, ते काढलं, फरक नाही. सेफ मोडमध्ये होम स्क्रीन एकदाही पडली नाही. परत साध्या मोडमध्ये आणला, विजेट्स जागेवरच होती, आणि दोन-तीन सेकंदांत पडली.

म्हणजे बाहेरचं कुठलंतरी ॲप. पण फोनवर ५० च्या वर ॲप्स आहेत, एकेक काढत बसायचं का? माझा संशय भरती-ओहोटीच्या ॲपवर आहे.

लॉगवाचक

एकेक काढत बसायची गरज नाही. ॲप कोसळतं तेव्हा कारण फोन लिहून ठेवतो, ते वाचायचं. संशयावरून ॲप उडवलं आणि योगायोगाने थांबलं तर खरं कारण कळतच नाही, काही दिवसांनी परत येतं.

सेटिंग्ज, अबाउट फोन, ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टिचकी मारा (काही कंपन्यांनी तो ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत ठेवलाय, शाओमीच्या एमआययूआय असलेल्या जुन्या फोनवर ‘एमआययूआय व्हर्जन’वर टिचक्या मारतात). डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. आता होम स्क्रीनवर जा, एकदा पडू दे, लगेच परत सेटिंग्जमध्ये येऊन डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘बग रिपोर्ट’ घ्या. उशीर नको, नोंदी ठेवायची जागा ठरावीक असते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. दोन-चार मिनिटांनी झिप फाइल तयार झाल्याचं नोटिफिकेशन येईल.

ती फाइल इथे चढवू नका, ग्रुपवरही नको. त्यात खात्यांची नावं, वायफायची नावं, बसवलेल्या ॲप्सची यादी असं बरंच असतं. कॉम्प्युटरवर उलगडा, आतली सगळ्यात मोठी टेक्स्ट फाइल उघडा आणि ‘फेटल एक्सेप्शन’ शोधा. त्याखालच्या ‘प्रोसेस’च्या ओळीत लाँचरचं नाव असेल तीच नोंद आपली. दुसऱ्या ॲपच्या नोंदीही सापडतील, त्या सोडून द्या. आपल्या नोंदीत त्याच्या पुढची ओळ, आणि ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी ओळ असली तर तीही, एवढंच इथे लिहा.

केबल आणि कॉम्प्युटरवर एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) असेल तर आणखी सोपं. यूएसबी डीबगिंग चालू करून लॉगकॅट (फोनच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) फक्त ‘क्रॅश’ बफरपुरता चालवा, नेमक्या कोसळल्याच्या नोंदी तेवढ्या येतात, बाकीचा पसारा येत नाही. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा. ज्या फोनवर पैसे येतात त्यावर ते चालू राहू नये.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आहातच तर दोन गोष्टी बघून घ्या. ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ बंद हवं आणि ‘बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट’ स्टँडर्डवर हवं. फोन वेगवान होतो म्हणून कुणीतरी हे बदलून ठेवतं आणि मग प्रत्येक वेळी होम स्क्रीन नव्याने भरते.

मीठागर (वेंगुर्ले)

नोंद मिळाली. प्रोसेसच्या ओळीत लाँचरच आहे. त्याच्या पुढच्या ओळीत ‘रनटाइम एक्सेप्शन’ आणि मग ‘कॅनव्हास, ट्राइंग टू ड्रॉ टू लार्ज’, मग १९९७५६८०० बाइट्स, मग ‘बिटमॅप’. कॉज्ड बाय अशी ओळच नाही. खालच्या ओळींत इमेज व्ह्यू, फ्रेम लेआउट आणि ॲप विजेट होस्ट व्ह्यू असे शब्द आहेत. भरती-ओहोटीच्या ॲपचं नाव कुठेही नाही.

लॉगवाचक

सापडलं. तो आकडाच सगळं सांगतो.

पडद्यावर काढायच्या चित्राचा प्रत्येक ठिपका साधारण ४ बाइट्स घेतो. १९,९७,५६,८०० ला ४ ने भागा, ४,९९,३९,२०० येतात. म्हणजे ८१६० गुणिले ६१२०. हे ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं पूर्ण मापाचं चित्र आहे. गॅलरीत ती फाइल १०-१५ एमबीची दिसेल, पण ती जेपेगमध्ये दाबून बसवलेली असते. पडद्यावर काढायला उलगडली की २०० एमबी होते. आणि अँड्रॉइडमध्ये एका चित्राला साधारण १०० एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठं चित्र काढायला गेलेलं ॲप तिथेच कोसळतं. संदेश तोच जो तुम्ही वाचलात.

आता चित्र काढत होतं कोण? ‘ॲप विजेट होस्ट व्ह्यू’ म्हणजे लाँचरने विजेटसाठी दिलेली चौकट, ‘इमेज व्ह्यू’ म्हणजे तिच्यातलं चित्र. होम स्क्रीनवर असं चित्र एकच, फोटो फ्रेममधली माटवी. भरती-ओहोटीचं ॲप यात नाही.

मग पडतो लाँचर का, फोटो फ्रेमचं ॲप का नाही? कारण विजेट दिसतं लाँचरच्या घरात. फोटोचं ॲप एकतर लहान केलेलं चित्र पाठवतं किंवा नुसता फोटोचा पत्ता देतं. चित्र पाठवायला मर्यादा आहे, पडद्यावरच्या एकूण ठिपक्यांच्या दीडपट. म्हणून काही ॲप्स सरळ पत्ता देऊन मोकळी होतात. मग फोटो उघडायचं, उलगडायचं, काढायचं काम लाँचरवर पडतं. विजेटची मांडणी करताना चूक झाली तर लाँचर ती झेलतो आणि ‘विजेट लोड करता आलं नाही’ एवढंच लिहितो. पण ही चूक मांडणीनंतर, प्रत्यक्ष काढताना होते. तिथे झेलणारं कुणी नसतं.

तुमचे ते दोन-तीन सेकंद म्हणजे फोटो उलगडायला लागणारा वेळ. रिस्टार्टने फरक पडला नाही कारण पत्ता तोच राहिला. कॅशेचा यात काही संबंध नव्हता. सेफ मोडमध्ये बाहेरचं विजेटच नव्हतं.

उपाय: पडदा ओढा, सेटिंग्ज, ॲप्स, फोटो फ्रेमचं ॲप, अनइन्स्टॉल. नुसतं फोर्स स्टॉप पुरायचं नाही, विजेटची शेवटची मांडणी सिस्टमकडे राहते. ॲप निघालं की त्याची विजेट्स होम स्क्रीनवरून आपोआप निघतात. लाँचरचा डेटा साफ करायची गरज नाही, दादांची मांडणी आहे तशी राहील. माटवीचा मूळ फोटो गॅलरीत आहे ना एवढं ॲप काढण्याआधी बघून घ्या.

फोटो पुन्हा लावायचा असेल तर तो गॅलरीत पूर्ण दिसेल असा उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. १०८० गुणिले २४०० च्या पडद्यावर स्क्रीनशॉट उलगडून १० एमबीच्या आसपास होतो. विजेटसाठी तेवढी स्पष्टता भरपूर झाली. कॅमेऱ्याचा ५० मेगापिक्सेल मोड बंद ठेवा. नेहमीच्या मोडमध्ये चार-चार ठिपके एकत्र करून ४०८० गुणिले ३०६० चा फोटो निघतो, तो उलगडून ५० एमबी, म्हणजे मर्यादेच्या आत. शिवाय होडीवरच्या अंधुक उजेडात तोच मोड चांगला फोटो देतो.

मीठागर (वेंगुर्ले)

झालं! फोटो फ्रेम काढली आणि होम स्क्रीन जी स्थिर झाली ती झाली. आयकॉन सगळे जागच्या जागी. चतुर्थीत माटवी नीट यावी म्हणून ५० मेगापिक्सेलवरच फोटो काढला होता, तोच लावला होता. आता स्क्रीनशॉट लावलाय, व्यवस्थित चालतोय. मनापासून धन्यवाद.

दोन प्रश्न राहिले. २ जीबी रिकामे म्हणजे कमीच ना? आणि हे भरती-ओहोटीचं ॲप ठेवावं की काढावं?

हापूसबाग (देवगड)

२ जीबीवर लाँचर पडत नाही, पण ६४ जीबीच्या फोनवर ६ ते ८ जीबी मोकळे ठेवाच. रिकामी जागा ५०० एमबीच्या खाली गेली की अँड्रॉइड स्वतःच जागा कमी असल्याचा इशारा देतं. पार संपली तर लाँचरला त्याची मांडणीची छोटी डेटाबेस फाइलसुद्धा लिहिता येत नाही, आणि मग खरंच पडायला लागतो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीहून मोठ्या फाइल्सची यादी मिळते. दशावताराचे रात्रभराचे व्हिडिओ आणि एकच क्लिप पाच ग्रुपवरून आलेली, एवढं काढलं तरी बरेच जीबी सुटतील. ग्रुपसाठी मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा.

हा धागा पुढे कुणी शोधत आला तर त्याच्यासाठी इतर नेहमीची कारणं लिहून ठेवतो, कारण प्रत्येक वेळी विजेटच असेल असं नाही.

डावीकडच्या बातम्यांच्या पानावर सरकलं की पडतं, एरवी नाही: ते पान बहुतेक फोनवर गुगल ॲपचं असतं. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून सेटिंग्जमध्ये ते पान बंद करा, गुगल ॲप अपडेट करा.

लाँचरबरोबर इतरही बरीच ॲप्स एकाच दिवशी पडायला लागली: ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ बघा. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा हा भाग बऱ्याच ॲप्समध्ये लागतो. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच्या एका अपडेटने जगभर जीमेलसकट अनेक ॲप्स कोसळत होती, गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवी अपडेट्स दिल्यावर थांबलं. असं झालं तर प्ले स्टोअरमधून दोन्ही अपडेट करा. अपडेट मिळत नसेल तर सेटिंग्जमधून वेबव्ह्यूची अपडेट्स काढून टाका.

साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने पडतं: विजेटच्या ठरलेल्या ताज्या माहितीची वेळ बघा, अँड्रॉइड ती ३० मिनिटांपेक्षा लवकर येऊ देत नाही. हवामान, क्रिकेट, बाजारभाव अशी विजेट्स एकेक काढून बघा.

वॉलपेपर बदलला आणि वरच्या पट्टीसकट सगळंच पडायला लागलं: सेफ मोडमध्ये जाऊन वॉलपेपर बदला. २०२० मध्ये अँड्रॉइड १० वर एक निसर्गाचा फोटो वॉलपेपर म्हणून लावला की फोन सारखा कोसळत राहायचा. फोटोत वेगळी रंगप्रणाली होती, तेजाचा हिशेब २५५ च्या पुढे जायचा आणि सिस्टम यूआय पडायचं. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. विकत घेतलेली किंवा फुकट मिळालेली थीम, आयकॉन पॅक यांच्याही बाबतीत आधी मूळ थीमवर जाऊन बघा.

फोन स्वतःच रिकव्हरीत (दुरुस्तीच्या वेगळ्या पानावर) गेला आणि अँड्रॉइड लोड होत नाही, डेटा खराब असू शकतो असं म्हणाला: घाबरून खालचा फॅक्टरी रिसेटचा पर्याय दाबू नका. सिस्टमचा गाभा ५ मिनिटांत ५ पेक्षा जास्त वेळा रिस्टार्ट झाला तर अँड्रॉइड स्वतःहून एकेक पायरीने सुधारणा करत जातं आणि शेवटी या पानावर येतं. आधी ‘ट्राय अगेन’.

आणि खरोखर रिसेट करायची वेळ आलीच तर आधी एवढं हाताशी ठेवा. फोनवरच्या गुगल खात्याचा पासवर्ड. बाहेरून, म्हणजे रिकव्हरीतून रिसेट केल्यावर फोन तो विचारतो आणि त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप, ड्राइव्हवर आणि त्याच्या स्थानिक फाइलची एक प्रत कॉम्प्युटरवर. बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये आणि त्यात एसएमएस जाण्याएवढा रिचार्ज, कारण यूपीआय ॲप नव्याने नोंदवताना त्याच सिमवरून एसएमएस पाठवतं. नेटवर्क चांगलं असेल अशा ठिकाणीच हे करा, खाडीच्या तोंडाशी बसून नको. बॅटरी ५० टक्क्यांच्या वर ठेवा, आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

सोल्डरगन (रत्नागिरी)

भरती-ओहोटीचं ॲप या वेळी निर्दोष निघालं, तरी माझं मत ते काढा. फाइलमधून टाकलेल्या ॲपला प्ले स्टोअरची अपडेट्स मिळतीलच याची खात्री नसते, आणि ज्या फोनवर पैसे येतात त्यावर कुणी बनवलंय ते माहीत नसलेलं ॲप नको. सेटिंग्ज, ॲप्स, परवानग्या यांत जाऊन त्याने एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलीय का ते आजच बघा. घेतली असेल तर काढण्यात एक तासही घालवू नका, भरतीचं वेळापत्रक सांगायला या दोन्हींची गरजच नसते. ज्या ॲपला (ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल मॅनेजर) बाहेरच्या फाइल्समधून ॲप बसवायची मुभा दिली होती, तीही बंद करा, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधलं की यादी येते.

लाटा, वारा आणि समुद्राच्या अंदाजासाठी हैदराबादच्या इन्कॉइसची (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) माहिती घ्या. मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचनाही तेच देतात. त्यांचं पान ब्राउझरमध्ये उघडून मेनूमधून ‘होम स्क्रीनवर जोडा’ केलं की एका टिचकीत उघडतं, विजेटच लागत नाही. बंदर सोडण्याआधी पान उघडून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुढे रेंज गेली तरी आकडे हातात राहतात.

मेमरी कार्ड परत घालताना संपर्क पुसायला विसरू नका, आणि ट्रेच्या कडेचं रबर फाटलंय का तेही बघा. फाटलं असेल तर नवा ट्रे घ्या, तो फार महाग नसतो आणि खारी हवा तिथूनच आत जाते.